पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी

व्हिसाचा कागद हाती आला की त्याच दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्या घरात हे काम थेट मुंबईच्या विमानतळावर झालं, तेही विमान कंपनीच्या काउंटरवर.

चैत्रातली भैरवनाथाची यात्रा पार पडली होती, रानात काम नव्हतं. चुलतभावाने काका-काकूंना व्हिएतनाम दाखवायचं ठरवलं. आमच्या सोनारी गावातून मुंबईला वकिलातीचे खेटे घालायला नकोत, घरबसल्या ई-व्हिसा मिळतो, ही सोय खरोखर मोठी आहे. तालुक्याच्या गावी एका सेंटरवर अर्ज भरायला दिला. सेंटरवाल्याने गूगलवर शोधून वर आलेली पहिलीच साइट उघडली. झेंडा, मुद्रा, सगळं सरकारी वाटावं असं. पण ती जाहिरात देऊन वर आलेली खासगी दलालाची साइट होती. व्हिएतनाम सरकारची एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाची फी २५ डॉलर. तिथे माणशी त्याच्या तिपटीहून जास्त गेले.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. अर्जात ईमेल टाकला होता सेंटरवाल्याचा. त्यामुळे व्हिसा त्याच्याकडे आला आणि आमच्या हाती निघायच्या आदल्या दिवशी पडली ती घडी घातलेली प्रिंट. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागदांवर बोट फिरवलं. पासपोर्टवर काकूंच्या नावापुढे काकांचं नाव होतं. व्हिसावर ते नव्हतंच. काकूंना बसू दिलं नाही. काकाही मागे थांबले. "माझंच नाव खोटं ठरलं का रे?" असं काकू विचारत राहिल्या, आणि त्याचं उत्तर कुणाला देता येईना. कल्याणला नातेवाइकांकडे राहून नवा अर्ज केला, नवी फी भरली, तिकिटं नव्याने काढली.

म्हणून सांगतो, नाव भरताना आधारकार्ड बाजूला सारा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ खुणा. पहिल्या ओळीत 'आयएनडी'नंतर आडनाव, मग बाणासारख्या दोन खुणा, आणि त्यापुढे नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. विमानतळावरचं यंत्र वाचतं ते हेच. आडनाव कुठे संपतं, नाव कुठे सुरू होतं, हा घोळ तिथेच मिटतो. आपल्या पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. त्या सातांत इंग्रजी 'ओ' कधीच नसतो, असतो तो शून्य.

काही जुन्या माणसांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असतो. दुबईला जायचं असेल तर हे आधी बघा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर येऊ देणं थांबवलं आहे.

सरकारी साइट ओळखायची ती पत्त्याच्या शेपटावरून. व्हिएतनामची 'जीओव्ही डॉट व्हीएन'वर संपते, श्रीलंकेची 'जीओव्ही डॉट एलके'वर. थायलंडला जाणाऱ्यांना मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि पूर्ण फुकट आहे. त्याचेही पैसे उकळणाऱ्या साइट आहेत. थायलंडची खरी साइट 'जीओ डॉट टीएच'वर संपते.

अर्ज सेंटरवरच भरायचा असेल तर खुशाल भरा, पण शेजारी बसून. ईमेल घरातल्या कुणाचा तरी द्या आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्या. व्हिएतनामचा व्हिसा तो क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकल्यावर आपला आपल्याला पाहता येतो. प्रवेशाची तारीख विचारपूर्वक टाका. त्या तारखेच्या आधी तिथे उतरता येत नाही.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरून दलालाकडे वळू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू करून मिळतात. परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून चालू करून घ्यावी लागते, आणि फी भरून झाली की पुन्हा बंद करता येते.