लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया : कायदा, विमा आणि उपलब्धता

एखाद्या उपचाराला कायद्याने मान्यता मिळाली म्हणजे तो गरजूच्या पदरात पडलाच, असे होत नाही. त्याचा खर्च कोण सोसणार, कोणत्या कागदाच्या आधारे सोसणार आणि उपचार करणारे रुग्णालय किती दूर आहे, यांवर त्याची उपलब्धता ठरते. तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे विशेषत्वाने दिसून येते.

कायद्याची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात व्यक्तीचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदेशीर ठरविले. म्हणजे शस्त्रक्रिया ही ओळखीची अट नव्हे. ज्यांना ती हवी आहे त्यांच्यासाठी तो आरोग्याचा प्रश्न आहे. २०१९ च्या अधिनियमातील कलम १५ ने शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व समुपदेशन यांची सोय करणे आणि त्यांचा खर्च सर्वंकष विमा योजनेत समाविष्ट करणे ही शासनाची जबाबदारी ठरविली.

विमापत्रातील वगळलेल्या बाबी

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विमा विनियामक प्राधिकरणाने आरोग्य विमापत्रांतील वगळावयाच्या बाबींचे प्रमाणित शब्दांकन जाहीर केले. त्यातील सातव्या क्रमांकावर लिंगबदलाच्या उपचारांचा खर्च होता. आठव्या क्रमांकावर सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया. आठव्या बाबीत अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला सूट होती; सातव्या बाबीला तशी सूट नव्हती. हे कलम असलेल्या विमापत्राचा हप्ता नियमित भरूनही विमाधारकास हा खर्च स्वतःच करावा लागे.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र निराळी दिशा दाखविली. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. वर्गीकरणातून ती पूर्णपणे वगळली असती, तर उपचारांचे विमा संरक्षण मिळणे कठीण झाले असते, हा विचार त्यामागे होता.

शासकीय विमा योजना

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय व राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार होऊन आयुष्मान भारत योजनेत तृतीयपंथी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची तरतूद झाली. मूळ योजनेत हे संरक्षण कुटुंबाला होते. येथे ते व्यक्तीला देण्यात आले. घरातून बाहेर पडावे लागलेल्या अनेकांची नावे कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर राहत नाहीत, हे ध्यानी घेतल्यास या बदलाचे महत्त्व कळते.

लाभासाठी राष्ट्रीय पोर्टलवरील तृतीयपंथी प्रमाणपत्राची अट ठेवण्यात आली. २०२० च्या नियमांनुसार हे प्रमाणपत्र प्रतिज्ञापत्राच्या आधारे, शारीरिक तपासणीविना, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यावयाचे होते. शस्त्रक्रियेनंतर पुरुष वा स्त्री अशी नोंद हवी असल्यास २०१९ च्या अधिनियमाने सुधारित प्रमाणपत्राचा वेगळा टप्पा ठेवला. अशा रीतीने प्रमाणपत्र हीच उपचाराची पहिली पायरी ठरली. ते अडले की विमाही अडतो.

अडचणी कोठे आहेत?

ही शस्त्रक्रिया बहुधा एका बैठकीत संपत नाही. प्लास्टिक सर्जरी, मूत्ररोग, स्त्रीरोग, संप्रेरकशास्त्र व मनोविकार या शाखांचे सहकार्य लागते आणि असे पथक मोठ्या शहरांतच आढळते. प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णावरच येतो. शिवाय रुग्णालयीन विम्याची रचना दाखल होण्याभोवती असते. आयुष्मान भारतच्या सर्वसाधारण नियमांत दाखल होण्यापूर्वीच्या ३ व नंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरला गेला. संप्रेरक उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतात.

मार्ग बंद झाला की काही जण अप्रशिक्षित हातांकडे वळतात. त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्गाचे आजन्म विकार उद्भवतात, प्रसंगी प्राणही जातो. विम्याच्या एका कलमाची खरी किंमत येथे दिसते.

स्थानिक यंत्रणेचे कार्य

यातील बरेचसे काम गावपातळीवर सुरू होते. ग्रामपंचायतीने रहिवासाचा दाखला विनाविलंब द्यावा. शिक्षकांनी शाळेच्या नोंदीतील बदलाचा अर्ज कायद्यानुसार, उपहास न करता हाताळावा. कागदपत्रांतील नावे जुळली नाहीत तर पुढे विम्याचा दावा अडकतो. जिल्हा कार्यालयाने अर्जदाराला पुन्हा पुन्हा हेलपाटे पडू देऊ नयेत. शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा व तिच्या वैद्यकांचा आहे. केवळ कागदाअभावी किंवा पैशाअभावी तो निर्णय तिच्या हातून निसटू नये, एवढी दक्षता यंत्रणेने घेतली पाहिजे.