घरचा कॉम्प्युटर अडला तर : आधी लक्षण, मग उपाय



उसाचा प्लॉट पिवळा दिसला की लगेच युरियाचे पोते फोडायचे नसते, हे आपण सर्वजण आता जाणतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी, म्हणजे केवडा. आणि बेट हाताने ओढताच उपटून आले तर मुळाशी हुमणी. दिसायला पिवळेपणा एकच, पण कारणे तीन आणि उपायही तीन. घरच्या कॉम्प्युटरचेही असेच आहे.

आज पुष्कळ सभासदांच्या घरी विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे. मुलांचा अभ्यास, सातबारा, माती परीक्षणाचे अहवाल, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे, ऊसबिलाचा हिशोब हे सगळे त्यात असते. लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेले सभासद जाता जाता विचारतात, "साहेब, मशीन लई स्लो झालंय, फॉरमॅट मारू का?" आम्ही काही कॉम्प्युटरचे इंजिनिअर नाही. पण नेहमी येणाऱ्या अडचणी आणि घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय या पाठात क्रमाने देत आहोत.

सर्वांत आधी : दुसरी प्रत

फॉरमॅट करणे म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणे. उभे पीक मोडून रान नांगरण्याचाच हा प्रकार. मशीन मोकळे होते, पण त्यातले सगळे जाते.

आमच्या एका गटातील सभासदाच्या घरी हेच झाले. मशीन हळू चालते म्हणून दुकानात नेले, दुकानदाराने फॉरमॅट करून दिले. चार वर्षांचा शेतीचा हिशोब आणि वारलेल्या वडिलांचे फोटो गेले. कारण शोधले तेव्हा कळले की पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगने सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता. ते शूटिंग दुसरीकडे हलवले असते तर अर्ध्या तासाचे काम होते.

म्हणून कोणत्याही दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडते की नाही हे पाहावे. प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. बियाण्याची सगळी कांडी एकाच खड्ड्यात ठेवू नयेत, तशातलीच ही गोष्ट.

दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. एकदम चार फवारण्या केल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

१. चालूच होत नाही

प्रथम वीज पाहावी. त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर लावून प्लगमध्ये वीज आहे का ते बघा. डेस्कटॉपच्या डब्यामागे एक छोटे बटण असते, ते झाडलोटीत बंद होते. मॉनिटरची वायर आणि त्याचे बटण वेगळे असते. डब्याचा पंखा फिरतो पण पडदा काळा, अशा वेळी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा, चालू करण्याचे बटण सुमारे १० सेकंद दाबून ठेवावे, मग चार्जर लावून पुन्हा चालू करावे. पेन ड्राइव्ह जोडलेला राहिला असेल तर तो काढावा. मशीन कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसते.

चालू करताना बीप बीप असा आवाज येत असेल तर बऱ्याचदा रॅमची पट्टी ढिली झालेली असते. हे काम मात्र प्लग काढून, जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आपल्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो आणि वीज अचानक जाते. डेस्कटॉपला यूपीएस असावाच. डब्याच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, वायरमनला बोलवावे. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की मशीनचा प्लग आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायर दोन्ही काढून ठेवावे.

२. फार हळू चालतो

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तो आपला पीक पाहणीचा तक्ताच समजा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांपैकी कोणता सतत शंभर टक्क्यांजवळ आहे ते पाहावे.

मेमरी भरली असेल तर एकदम उघडलेले कार्यक्रम आणि ब्राउझरची पाने कमी करावीत. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' असा भाग असतो. मशीन चालू होताच आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची ती यादी आहे. ओळखीचे आणि नेहमी न लागणारे तेवढे बंद करावेत, अनोळखी नावाला हात लावू नये.

डिस्कचा रकाना भरलेला आणि मशीन जुने, तर आत फिरती हार्ड डिस्क असण्याचा संभव मोठा. तिच्या जागी एसएसडी बसवल्यास जुन्या मशीनलाही चांगला वेग येतो. नवे मशीन घेण्याआधी हा खर्च विचारून पाहावा. फिरत्या डिस्कमधून टक् टक् आवाज येऊ लागला असेल तर मात्र इतर सर्व कामे सोडून आधी प्रत काढावी.

सी ड्राइव्ह भरला असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने जाऊन कचरा काढावा. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असते. त्यापुढे खूण करू नये. आपण उतरवलेले सातबारे आणि पावत्या तिथेच असतात.

पंखा मोठ्याने घरघरत असेल आणि मशीन गरम लागत असेल तर धूळ साचली आहे. हंगामात पाचटाची राख आणि धूळ उडते, ती आत ओढली जाते. मशीन बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळ्या साफ कराव्यात. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, त्याची हवेची वाट बुजते.

३. रोज बंद करतो, तरी अडकतो

इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' केले तरी विंडोजचा आतला काही भाग डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालची अडचण आजही तशीच राहते. 'रिस्टार्ट' केले म्हणजे सगळे खरोखर नव्याने सुरू होते. त्यामुळे मशीन अडखळू लागले की पहिला उपाय रिस्टार्ट. निम्म्या तक्रारी इथेच संपतात बघा.

४. इंटरनेट लागत नाही

त्याच वायफायवर मोबाइल चालतो का ते पाहावे. मोबाइलही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. मोबाइल चालतो आणि कॉम्प्युटर चालत नाही, तर त्यातला एअरप्लेन मोड चुकून लागला आहे का ते तपासावे.

वायफाय लागलेले आहे, तरी प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो, असे झाल्यास कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षे मागे गेली असेल तर व्हायरस वगैरे काही नाही. डेस्कटॉपच्या आत सीआर २०३२ नावाचा रुपयाएवढा सेल असतो, तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित पानांचे दाखले मुदतीबाहेरचे वाटतात आणि ती उघडत नाहीत. सेल बदलला की काम झाले.

५. मराठी अक्षरे बिघडली, पासवर्ड चालेना

जुनी मराठी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा गिचमीड काला दिसतो. ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली असते आणि तो फाँट आपल्या मशीनवर नसतो. फाइल खराब नाही, पुसू नका. फाँट घालावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

पासवर्ड बरोबर असून चालत नसेल तर कॅप्स लॉक पाहावे. नंतर खालच्या कोपऱ्यात मराठी लागले आहे का ते पाहावे. विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

६. प्रिंटर छापत नाही

एक कागद अडकला की मागची सर्व कामे रांगेत तुंबतात, आणि आपण पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबून रांग वाढवतो. रांगेतली कामे रद्द करावीत, प्रिंटर बंद करावा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करावा, मग प्रिंटर चालू करून एकच पान छापून पाहावे.

७. निळा पडदा

निळा पडदा आला म्हणजे मशीन मेले असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्या सुमारे ८५ लाख होत्या. आपल्या देशातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढणे. फॉरमॅटची गरज नव्हती.

पडद्यावरचा 'स्टॉप कोड' लिहून घ्यावा किंवा त्याचा फोटो काढावा. आदल्या दिवशी नवीन काय घातले ते आठवावे. शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट केल्यास दुरुस्तीची पाने येतात. त्यातून सेफ मोडमध्ये जाऊन नवे घातलेले काढून पाहावे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असू शकते आणि दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीन सुरू केले असेल तर ती बहुधा त्या खात्यात मिळते. आजच वहीत उतरवून ठेवा. किल्ली नसेल तर आतला माल कायमचा अडकतो.

८. 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा'

पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि खाली फोन नंबर. हा बिघाड नव्हे, ही फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नये. सांगतील ते ॲप घालून मशीनचा ताबा देऊ नये. पान बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेले असतील तर लाजून घरात बसू नये. बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

अपडेटबद्दल

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने अनेक देशांतील मशिनींच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. ज्यांनी ते घातले नव्हते ते सापडले. विंडोज ७ ला मोफत सुरक्षा अपडेट देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मशीन त्यानंतरही चालते, पण बँकेच्या कामासाठी ते वापरणे धोक्याचे. आपले मशीन विंडोज ११ घेते का, हे तपासून घ्यावे.

घरी करू नये असे

विजेचा डबा, म्हणजे एसएमपीएस, उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. फिरती हार्ड डिस्क खोलू नये. दोन अँटिव्हायरस एकत्र घालू नयेत. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू ठेवला आणि अपडेट घेतले तर घरगुती वापराला तो पुरतो.

दुकानात मशीन न्यावे लागलेच तर चार ओळींची चिठ्ठी बरोबर द्यावी : काय दिसते, केव्हापासून, त्याआधी काय बदलले, आणि 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात लिहावी.

खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण बेटे मोजून ठरवतो. मशीनच्या बाबतीतही आधी मोजावे, पाहावे आणि मग हात घालावा. हा पाठ कापून कॉम्प्युटरच्या टेबलाशी चिकटवून ठेवावा आणि घरातील मुला-मुलींकडून एकदा वाचून घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग