जुना सिंथेसायझर लॅपटॉपवर उतरतो का?

प्रश्न : केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रासाठी आम्ही मित्र लॅपटॉपवर गाणी बसवतो. १९८०च्या सुमाराच्या सिंथेसायझरांचे सॅम्पल मिळतात. त्यांतून खरा आवाज मिळतो का? आणि ते वापरायला मोकळीक असते का?
– एक वाचक, पांढरकवडा (ता. केळापूर)

उत्तर : आवाज मिळतो, त्यात जीव मात्र वाजवणाऱ्याने ओतायचा असतो.

सॅम्पल म्हणजे मूळ वाद्याच्या एकेका स्वराचे ध्वनिमुद्रण. सीडीच्या दर्जात ध्वनिलहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, त्यामुळे स्वराचा पोत नेमका पकडला जातो. पण जुन्या ॲनालॉग यंत्रात तोच स्वर दुसऱ्यांदा दाबला की किंचित वेगळा येतो. सॅम्पल दर वेळी तेच ऐकवते. म्हणून एकेक स्वर अनेकदा मुद्रित केलेला संच निवडा.

यंत्रात असा जीव ओतण्याचे मोठे उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. त्यांवर भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. १९८२ साली एचएमव्हीने ती तबकडी काढली, पण तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते थक्क झाले. शिकागोच्या ज्या ‘ॲसिड’ संगीताचा आरंभ १९८७च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून मानतात, त्याच्याशी जुळणारा नाद इथे पाच वर्षे आधीच उमटला होता.

टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या रागसंगीतात मींड महत्त्वाची. सुटे स्वर मुद्रित केले की नेमका हा मधला प्रवास गळतो. सॅम्पलरमध्ये ‘मोनो’ आणि ‘ग्लाइड’ सुरू करा, भूपाळीतला पंचम धरून गंधारावर या, आणि फिल्टर हाताने फिरवत राहा. फरक लगेच कानाला कळेल.

आता परवानगीचे. विकत घेतलेल्या संचातले आवाज बहुधा स्वतःच्या गाण्यात वापरता येतात, पण तेच आवाज सुटे विकता येत नाहीत. परवान्याच्या अटी वाचूनच पुढे जा. दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा उचलणे वेगळे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण आहे. म्हणजे १९८२ची तबकडी २०४२ अखेरपर्यंत संरक्षित. शिवाय मूळ चालीचे हक्क निराळे.

आणखी एक करा. तुमच्या भागातल्या कोलाम वस्त्यांवर ढेमसा नृत्याचे ढोल वाजतात. वादकांना विचारून, योग्य मानधन देऊन ते मुद्रित करा आणि सिंथेसायझरच्या जोडीला घ्या. सिंग यांनी जपानी यंत्रांवर आपले राग वाजवले, म्हणूनच ती तबकडी आजही वेगळी वाटते. तुमच्या गाण्यातही तुमचा मुलूख ऐकू येऊ द्या.