तांबड्या काचेचा मणी

भिवापूरची मिरची आपल्या वाचकांना सांगायला नको. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामात इथल्या गोंड, माना, हलबा घरांतल्या बायका सातऱ्यावर बसून देठ खुडतात. संध्याकाळी त्यांच्या बोटांची आग होत असते आणि हंगाम सरला की ती मजुरीही थांबते. त्या रिकाम्या महिन्यांसाठी काचेच्या मण्यांचा वर्ग सुरू केला, तेव्हा बायकांनी पहिला रंग मागितला तो तांबडा. शिकवायला सर्वांत अवघड रंग नेमका तोच आहे. त्याविषयीच हा पाठ.

कृती ऐकायला सोपी आहे. पोलादी सळईला पातळ मातीचा लेप देऊन तो वाळवायचा. गॅसच्या ज्योतीत काचेची काडी तापवायची. टोक मधासारखे झाले की फिरत्या सळईवर ते गुंडाळायचे. सळई थांबली की मणी एका बाजूला लोंबतो, म्हणून हात सतत फिरता हवा. पोळी लाटणाऱ्या हातांना हे फिरवणे लवकर जमते, असा माझा अनुभव आहे.

पांढरी किंवा निळी काच चुका पोटात घालते, तांबडी घालत नाही. आमच्या काड्यांतला तांबडा रंग कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम यांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. कण फार लहान असतील तर काच पिवळसर दिसते, बेताचे वाढले की लाल होते आणि आच जास्त झाली की काळजाच्या रंगाची, तपकिरी, मळकट होते. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडून ती पिवळी, धुरकट झाली तर वरून करडी छटाही चढते. म्हणून तांबडी काडी ज्योतीच्या मुळाशी न धरता टोकाकडे धरावी आणि सावकाश वितळवावी. घाई करणाऱ्याने त्या दिवशी निळा मणी करावा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या आठवड्यात एका बाईने सळई उचलून दाखवली. “ताई, हा तं काळा पडला!” मणी खरोखर कोळशासारखा दिसत होता. मी म्हटले, जळला, टाकून द्या. त्या दिवशी असे अकरा मणी वाया गेल्याचे वहीत लिहिले आणि मजुरी तर चांगल्या मण्यांवरच ठरलेली होती. तिने मात्र तो मणी सळईसकट गरम राखेच्या डब्यात खुपसून ठेवला. सकाळी राख झटकली तर मणी पिकल्या मिरचीसारखा लाल! तांबडी काच गरम असताना काळपट दिसते आणि निवल्यावरच तिचा रंग कळतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. वही दुरुस्त केली, राहिलेले पैसे दिले. तेव्हापासून नियम एकच: पूर्ण निवल्याशिवाय कोणीही, शिकवणाऱ्यानेही, तांबड्या मण्याला नावे ठेवायची नाहीत.

आच देऊन लाली आणण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. नागपूरजवळ माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांनी उत्खनन केले. ते गाव प्राचीन काळी मण्यांसाठी प्रसिद्ध होते आणि तिथे कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणीही मिळाले. तो दगड बेताने तापवला की अधिक लाल होतो, कारण त्यातल्या लोहाचा रंग बदलतो. काच वेगळी, दगड वेगळा. आचेचा बेत मात्र तिथेही लागतो.

मणी निवतो कसा, यावर त्याचे आयुष्य ठरते. बाहेरून लवकर आणि आतून उशिरा निवला तर तो तडकतो, कधी विकल्यावर महिन्याने. राखेचा डबा ही तात्पुरती सोय झाली. आमच्या काचेचे मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही वेळ ठेवून तिथेच हळूहळू थंड करावे लागतात.

काही बायका फुटक्या बांगड्यांचे तुकडे घेऊन येतात. फुकटची काच सोडवत नाही, हे खरे. पण दोन काचा तापल्यावर सारख्या फुगत नाहीत आणि निवताना सारख्या आकसत नाहीत, त्यामुळे जोडावर तडा जातो. परीक्षा अशी: दोन्ही काचांचे तुकडे शेजारी शेजारी जोडून तापवा आणि लांब, बारीक तार ओढा. निवल्यावर तार सरळ राहिली तर जोडी जमेल. वाकली तर बांगडीचे मणी वेगळे करा, काडीचे वेगळे.

सावधगिरीच्या बाबतीत सवलत नाही. तापल्या काचेतून निघणारा पिवळा झोत अडवणारा खास चष्मा हवा. त्याने डोळ्यांवरचा ताण कमी होतो आणि ज्योतीतला मणी नीट दिसतो. खोलीतली हवा बाहेर खेचणारा पंखा हवा, पण त्याचा वारा ज्योतीवर येऊ नये. कॅडमियम विषारी असल्याने तांबडी काच कोरडी घासायची नाही. तुकडे ओल्या फडक्याने टिपायचे. लेकरू कडेवर घेऊन ज्योतीपुढे बसायचे नाही. लेकरांना सांभाळायला शेजारच्या खोलीत एक आजी बसतात, आणि त्यांची मजुरीही आम्ही मण्यांच्याच खर्चात धरतो.

वर्गासाठी काड्या पाठवू इच्छिणाऱ्यांना विनंती: रंग कमी पाठवा, पण एकाच कारखान्याच्या, एकाच जातीच्या पाठवा. पुढचा वर्ग रोवणी आटोपल्यावर बसेल.