सौर पंपाचा हिशेब: आधी विहिरीत डोकावू



लूक १४:२८ मधला बुरूज आपल्या ओळखीचा आहे. बांधायला घेण्याआधी खर्च मोजावा, हे आपण संडेस्कूलमध्येच शिकलो. ओतूरच्या पश्चिमेला, माळशेजकडच्या एका ठाकरवाडीत हाच पाठ आम्ही यंदा वही घेऊन गिरवला.

राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच भरावे लागतात, बाकीचे अनुदान. एका कुटुंबाने हा वाटा मिशनकडे मागितला.

समजा, पंप २,४०,००० रुपयांचा, वाटा १२,०००. सध्या ते डिझेल इंजिन लावतात. तासाला एक लिटर, लिटरला ९० रुपये धरू. दिवाळीनंतर १५० तास पाणी दिले, तर वर्षाला १३,५०० रुपये वाचतात. पहिल्याच हंगामात वाटा वसूल! मी खूश होऊन वही मिटणार, तोच घरातली ताई म्हणाली, “दादा, पण आमची विहीर जानेवारीतच तळाला जाते.”

मग १५० कुठले, जेमतेम ६० तास. बचत ५,४०० रुपये. कुटुंबाचा वाटा तरीही सव्वादोन वर्षांत फिटतो. पण पंपाची पूर्ण किंमत फिटायला ४४ वर्षे लागतात. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते, मोटर त्याआधीच दुरुस्तीला येते. अनुदानाने किंमत कमी होत नाही, फक्त भरणारा बदलतो. सरकारी पैसाही कुणाच्या तरी घामाचाच. आपल्या कारभारीपणात तोही मोजावा, असे मला वाटते.

पावसाळ्यात माळशेजच्या ढगांमुळे वीज कमी बनेल, ही काळजी मात्र फुकाची. तेव्हा पंप लागतोच कुणाला?

एक गोष्ट वहीत बसली नाही. विजेची जोडणी घेतली, तर रात्रपाळीचे पाणी वाट्याला येऊ शकते, आणि जुन्नर तालुक्यात रात्री उसाकडेने बॅटरी घेऊन जाणे म्हणजे काय, हे बिबट्या पाहिलेल्यांना विचारा. सौर पंप दिवसाच चालतो. त्या निर्धास्तपणाचे किती रुपये लिहायचे? मी रकाना कोरा ठेवला, पण खोडला नाही.

पूर्वी आम्ही सौरकंदील वाटले, तेव्हा फक्त ‘किती घरांना दिले’ एवढेच मोजले. दोन वर्षांनी बॅटऱ्या संपल्या आणि कंदील खुंटीला लागले. चूक आमचीच होती. नव्या बॅटरीचे पैसे कुणी धरलेच नव्हते.

म्हणून आता आधी विहिरीतला गाळ काढायचा ठरला आहे. मार्चअखेर दोरीला दगड बांधून पाणी मोजू. पाणी टिकलेले दिसले, तर तुमच्या देणगीतले १२,००० रुपये त्या ताईच्या अर्जासोबत भरू.