दुकानाचा संगणक दुरून वापरताना पासवर्डची खबरदारी

हिशेब, उधारी व मालाची नोंद संगणकावर ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांना घरूनही तो वापरण्याची गरज पडते. लिनक्सवर त्यासाठी व्हीएनसी ही सेवा आहे.

ज्या खात्यातून सेवा चालणार, त्याच खात्यात जाऊन 'व्हीएनसीपासडब्ल्यूडी' हा आदेश द्यावा व पासवर्ड दोनदा टाईप करावा. फक्त पाहण्यापुरता वेगळा पासवर्डही ठेवता येतो. पासवर्डची फाईल मालकाखेरीज कुणाला वाचता येऊ नये, म्हणजे तिची परवानगी ६०० असावी. कारण तीतील पासवर्ड सहज उलगडता येतो.

येथे एक मेख आहे. या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच तपासली जातात. २० अक्षरे ठेवली तरी पुढची १२ वाया जातात. शिवाय पासवर्ड जुळल्यानंतर पडद्यावरचा मजकूर तारेवरून उघडाच जातो.

म्हणून सेवा 'लोकलहोस्ट' पर्याय देऊन सुरू करावी आणि घरून एसएसएचमार्गे जोडणी करावी. पहिल्या पडद्याचे पोर्ट ५९०१ असते. ते इंटरनेटवर थेट खुले ठेवू नये. एसएसएचचा पासवर्ड मात्र लांब व निराळा असावा.

उधारीची वही ही गिऱ्हाइकांची अमानत आहे. तिची राखण आठ अक्षरांवर सोपवू नये.