दक्षिण लाओस : नकाशा, वेळ आणि पाणी

'प्रवासाचं नियोजन' हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही. पण प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरसाठी आपण सी.पी.एम. आणि पर्टची गणितं घोटतो, ती वापरून पाहायला प्रवासासारखी दुसरी संधी नाही. सातव्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर आम्ही तिघांनी कुठेतरी लांब जायचं ठरवलं आणि दक्षिण लाओस निवडलं. कारण साधं होतं. विमानाचं तिकीट फक्त बँकॉकपर्यंत काढायचं, पुढे सगळं रेल्वेने आणि बसने, म्हणजे खिशाला झेपेल असं.

पहिला आराखडा एका रात्रीत तयार झाला : आठ दिवस, अकरा ठिकाणं. कागदावर झकास दिसत होता. मग एकाने प्रत्येक टप्प्याचे तास मांडले. दिवसाउजेडाचा निम्मा वेळ बसच्या खिडकीत जाणार होता आणि 'फ्लोट' शून्य! एक बस चुकली की पुढचा डोलारा खाली. तो कागद रद्द केला आणि मगच खरा अभ्यास सुरू झाला. प्रवास अजून व्हायचाय, पण हा अभ्यास इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतोय.

थांबे कसे निवडले?

दुसऱ्या वेळी एकच कसोटी लावली : या ठिकाणी माणसाने पाण्याचं काय केलं, हे बघायला मिळतं का? दक्षिण लाओस म्हणजे पाण्याचाच प्रदेश. पठारावर पाऊस पडतो, नद्या कड्यांवरून खाली उतरतात आणि शेवटी सगळं मेकाँगला मिळतं. म्हणून आपणही पाण्याच्याच दिशेने जायचं, वरून खाली. या कसोटीवर अकरापैकी तीनच थांबे उरले.

आधी नकाशा वाचायला शिका

पाच-सहा लाओ शब्द पाठ केले की नकाशा बोलायला लागतो. 'पाक' म्हणजे मुख, 'से' म्हणजे नदी, 'ताद' म्हणजे धबधबा, 'दोन' म्हणजे बेट, 'फू' म्हणजे डोंगर, 'बान' म्हणजे गाव. आता 'पाकसे' वाचा : नदीचं मुख. से दोन नदी मेकाँगला मिळते तिथेच हे शहर वसलंय. 'सी फान दोन' म्हणजे चार हजार बेटं. (नदीच्या नावातलं 'दोन' वेगळं, त्यात बेट शोधू नका!)

जायचं कधी आणि कसं?

पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड आणि कोरडी असते, तेव्हाच जावं. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने उबोन राचथानी गाठायचं. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून सुटतात, त्यामुळे जुन्या पुस्तकात बघून दुसऱ्याच स्टेशनवर जाऊ नका. उबोनहून चोंग मेकची सीमा सुमारे ९० किलोमीटर आणि तिथून पाकसे ४५. सीमा ओलांडली की वाहनं डावीकडून उजवीकडे जातात, रस्ता ओलांडताना हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये सुरू झालेली चीन-लाओस रेल्वे व्हिएंतियानलाच संपते. दक्षिणेत बसशिवाय पर्याय नाही.

थांबा पहिला : बोलावेन पठार

पाकसेच्या पूर्वेला सुमारे १००० ते १३०० मीटर उंचीचं हे ज्वालामुखीच्या खडकाचं पठार आहे. आपल्या दख्खनसारखाच बेसॉल्ट. फ्रेंचांनी इथे कॉफी आणली, आजही देशातली बहुतेक कॉफी इथलीच. पाकसेहून ३८ किलोमीटरवर ताद फान आहे. दोन धारा शेजारीशेजारी शंभर मीटरहून जास्त खोल दरीत पडतात. पुढे ५० व्या किलोमीटरला पाकसोंग. सकाळी धुकं असतं, स्वेटर लागतो.

पण आपण इंजिनीअरिंगवाले, तेव्हा इथे आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. याच पठारावर से पियान-से नामनोय हा ४१० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. २३ जुलै २०१८ च्या संध्याकाळी त्याचा 'सॅडल डॅम डी' फुटला. मुख्य धरण शाबूत राहिलं. फुटला तो जलाशयाच्या कडेची खिंड बुजवायला घातलेला मातीचा बांध, ७७० मीटर लांब आणि फक्त १६ मीटर उंच. सुमारे ५० कोटी घनमीटर पाणी खालच्या अतापू प्रांतातल्या गावांवर गेलं. सरकारी आकड्यानुसार ७१ माणसं गेली, हजारो बेघर झाली आणि कित्येक कुटुंबांनी पुढची काही वर्षं तात्पुरत्या निवाऱ्यांत काढली.

सुरुवातीला दोष अतिवृष्टीवर गेला. नंतर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये वेगळंच सांगितलं. बांधाच्या पायाखालची माती लॅटेराइटची, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. जांभा हातात घेतला की त्यातली भोकं दिसतात. तशाच एकमेकांना जोडलेल्या सूक्ष्म वाटांतून पाणी झिरपलं, माती आतून धुतली गेली आणि पाया खचला. पायावर योग्य उपचार केले असते तर हे टळलं असतं, ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, असं समितीचं मत. बांधणाऱ्या कंपनीला ते मान्य झालं नाही.

हे वाचताना पानशेत आठवतंच. १२ जुलै १९६१. तेही मातीचं धरण, तोही पहिल्यांदा भरण्याचा काळ, तोही जुलैचा पाऊस. सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये परमिएबिलिटीचं प्रॅक्टिकल आपण शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवतो. त्या आकड्याखाली कोणाचं तरी घर असतं, एवढं या पठारावर उभं राहून कळलं तरी प्रवासाचे पैसे वसूल. बुडालेल्या गावांत मात्र बघे म्हणून जाऊ नये. पठाराच्या कडेला उभं राहून खालचा सखल प्रदेश पाहिला तरी उतार समजतो.

थांबा दुसरा : वात फू

पाकसेच्या दक्षिणेला चंपासाक गावाजवळ हे ख्मेर शिवमंदिर आहे, २००१ पासून जागतिक वारसा यादीत. मागच्या डोंगराच्या माथ्यावर लिंगासारखा नैसर्गिक सुळका आहे, म्हणून जुनं नाव लिंगपर्वत. आज दिसणारं बांधकाम मुख्यतः ११ व्या-१२ व्या शतकातलं, पण जागा त्याहून जुनी. जवळच सापडलेल्या ५ व्या शतकातल्या संस्कृत शिलालेखात देवानीक राजाने इथल्या तीर्थाला 'कुरुक्षेत्र' नाव दिल्याचा उल्लेख आहे! भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही इथे जतनाचं काम केलंय.

पाहायचं काय? पाण्याची योजना. गाभाऱ्यामागच्या कड्यातून झरा वाहतो. त्याचं पाणी दगडी पन्हळीने थेट लिंगावर आणलं होतं. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, फक्त उतार. पायथ्याशी मोठे तलाव, आणि डोंगरापासून नदीकडे जाणारा एकच सरळ अक्ष. आता गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत आणि गावकरी तितक्याच भक्तीने येतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास मोठी जत्रा भरते. पायऱ्या उंच आहेत, सकाळी लवकर चढा.

थांबा तिसरा : सी फान दोन

पाकसेपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नाकासांग, तिथून होडीने दोन खोन बेट. इथे मेकाँग अनेक फाट्यांत पसरते आणि खोन फाफेंगच्या धबधब्यांवरून खाली कोसळते. पाण्याच्या प्रमाणात हा आग्नेय आशियातला सर्वांत मोठा धबधबा. मेकाँगमधून बोटीने चीन गाठायचं फ्रेंचांचं स्वप्न १८६६ च्या मोहिमेतच इथे अडलं. तरी १८९३ मध्ये त्यांनी दोन खोनवर रूळ टाकले आणि बोटी बेटापलीकडे नेल्या. पुढे शेजारच्या दोन देतपर्यंत पूल बांधून ती लाईन सुमारे सात किलोमीटरची झाली. लाओसची ही पहिली रेल्वे १९४० च्या दशकात बंद पडली. कमानींचा पूल आणि एक गंजकं इंजिन अजून आहे. भाड्याच्या सायकलवरून अर्ध्या दिवसात सगळं होतं.

जवळच्याच एका फाट्यावर दोन साहोंग धरण आहे, २०२० मध्ये २६० मेगावॅट क्षमतेने सुरू झालेलं. कोरड्या मोसमात मासे वर चढायचे ते मुख्यतः याच फाट्यातून. त्यांच्यासाठी बाजूचे फाटे रुंद करून दिलेत. जुन्या पुस्तकांत इथे इरावडी डॉल्फिन पाहा असं लिहिलेलं सापडेल. ते आता खोडा. सीमेवरच्या डोहातला शेवटचा डॉल्फिन फेब्रुवारी २०२२ मध्ये मेला.

अंतिम वेळापत्रक

दिवस १ : उबोन ते पाकसे, मुक्काम.
दिवस २ आणि ३ : बोलावेन, मुक्काम पाकसोंग.
दिवस ४ : पाकसेमार्गे चंपासाक.
दिवस ५ : वात फू.
दिवस ६ : राखीव.
दिवस ७ आणि ८ : सी फान दोन.
दिवस ९ : खोन फाफेंग बघून पाकसेला परत.
दिवस १० : उबोन, रात्रीची गाडी.

राखीव दिवस मुद्दाम मधे ठेवलाय. शेवटी ठेवला तर आधीच्या गोंधळाला तो उपयोगी पडत नाही. गोंधळ झालाच नाही तर नदीकाठी बसून लाओ कॉफी प्या.

चार सूचना

१. व्हिसाचे नियम निघण्याआधी नव्याने तपासा. लाओसचा ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही. परत थायलंडमध्ये शिरायचंय हेही विसरू नका.

२. मळलेली वाट सोडू नका. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. २७ कोटी छोट्या क्लस्टर बॉम्बपैकी सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत. हो ची मिन्ह मार्ग याच दक्षिण भागातून जात होता. जमिनीवरची धातूची कुठलीही वस्तू उचलायची नाही.

३. २०२२ पासून किपची किंमत खूप घसरली, त्यामुळे जुन्या पुस्तकातल्या दरांवर बजेट करू नका. थोडे थाई बाथ जवळ ठेवा.

४. दुचाकी भाड्याने मिळते, पण योग्य लायसन्स नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. शाकाहारी मंडळींनी 'पादेक' हा शब्द लक्षात ठेवावा : आंबवलेल्या माशांची ही चटणी भाजीतही असते. चिकट भात मात्र सगळ्यांना चालतो.

अकरा ठिकाणांचे तीन थांबे झाले, तेव्हा आमच्यातला एक जण जरा नाराज होता. आता तोच म्हणतो, "जाण्याआधी परमिएबिलिटीचं प्रॅक्टिकल एकदा स्वतः करून बघू या." प्रवासाचा पहिला फायदा घरबसल्याच झाला म्हणायचा!